पट मांडा, पण हात आवरा: बुद्धिबळाच्या कोड्यांची ओळख

घरात बुद्धिबळाचा पट असेल तर काढा. नसेल तर मोबाइलवरच्या रिकाम्या पटानेही काम भागेल. त्यावर चारच मोहरे मांडा. पांढरा राजा एफ६ वर आणि पांढरा हत्ती सी१ वर. काळा राजा एच८ च्या कोपऱ्यात आणि काळं प्यादं सी२ वर, म्हणजे पांढऱ्या हत्तीच्या अगदी नाकासमोर. चाल पांढऱ्याची आहे आणि दोन चालींत मात करायची आहे.

घरांची नावं माहीत नसतील तर आधी तेवढं समजून घ्या. पांढऱ्याच्या बाजूने पाहताना डावीकडून उजवीकडे आठ उभ्या पट्ट्या आहेत: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. पांढऱ्याकडून काळ्याकडे जाताना आडव्या ओळींना १ ते ८ आकडे असतात. पट्टी आणि ओळ मिळून घराचं नाव होतं. कोडी वाचायला एवढी लिपी पुरते, आणि दोन दिवसांत ती सवयीची होते.

आता कोड्याकडे या. ‘दोन चालींत मात’ म्हणजे तुमची एक चाल, समोरच्याचं एक उत्तर आणि तुमच्या दुसऱ्या चालीला मात. समोरच्याने काहीही उत्तर दिलं तरी मात झालीच पाहिजे. पाच मिनिटं पटाकडे नुसतं बघा आणि मोहऱ्याला हात लावू नका.

नव्या माणसाचा हात हमखास हत्तीकडे जातो. हत्ती एच१ वर नेला की शह बसतो आणि शह दिला की बरं वाटतं. पण काळा राजा निवांतपणे जी८ वर सरकतो आणि दुसऱ्या चालीला मात काही होत नाही. काहीजण सी२ वरचं प्यादं खातात. खऱ्या डावात ती चाल उत्तम आहे, तुम्ही तो डाव सहज जिंकाल, पण दोन चालींत नाही. उत्तर शांत आहे: राजा एफ७. शह नाही, मार नाही, एक पाऊल पुढे टाकलं एवढंच. आता काळ्या राजाला जी७ आणि जी८ ही दोन्ही घरं बंद झाली. प्यादं हत्तीने अडवलेलं असल्याने हलू शकत नाही. चाल तर करावीच लागणार, म्हणून राजाला एच७ वर यावं लागतं. मग हत्ती एच१ वर जातो आणि मात होते.

बुद्धिबळाच्या कोड्यांचं मर्म या चार मोहऱ्यांत आलं आहे, म्हणून सी२ वरच्या त्या काळ्या प्याद्यापाशी थोडं थांबू या. ते कशासाठी ठेवलं असेल? ते उचलून बाजूला ठेवा आणि पुन्हा विचार करा. आता राजा एफ७ तर चालतोच, पण राजा जी६ सुद्धा चालतो. काळा राजा जी८ वर जातो आणि हत्ती सी८ वर येऊन मात करतो. म्हणजे पहिल्या चालीची दोन उत्तरं झाली. रचलेल्या कोड्यात हा मोठा दोष समजतात, कारण पहिली चाल एकच असली पाहिजे. सी२ वरच्या प्याद्याने सी पट्टी बंद केली आणि दुसरं उत्तर पुसून टाकलं. चांगल्या कोड्यात एकही मोहरा फुकट ठेवलेला नसतो. अडलात की हाच प्रश्न विचारायचा: हा मोहरा इथे का आहे?

आधी कोडं कोणत्या घराण्यातलं ते ओळखा

कोड्यांची दोन मोठी घराणी आहेत. पहिल्यात येतात ती खऱ्या डावांतून उचललेली कोडी. कुणीतरी डाव खेळलं, एका क्षणी एकच चाल बाकी सगळ्या चालींपेक्षा कितीतरी सरस होती, ती स्थिती वेगळी काढून तुमच्यापुढे ठेवली. लिचेस किंवा चेस डॉट कॉम या संकेतस्थळांवर ‘पझल’ म्हणून जे समोर येतं ते बहुतांशी हेच. लिचेसवरची कोडी तर तिथेच खेळल्या गेलेल्या डावांतून निवडलेली असतात आणि ती पूर्णपणे मोफत आहेत.

दुसऱ्या घराण्यात येतात ती कुणीतरी बसून, विचार करून, एकेक मोहरा जागेवर ठेवून रचलेली कोडी. वर पाहिलेलं कोडं त्यातलं. अशी स्थिती खऱ्या डावात कदाचित कधीच येणार नाही, पण म्हणून तिचं मोल कमी होत नाही.

हा फरक ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण दोन्हीकडे विचार उलट दिशेने करावा लागतो. डावातल्या कोड्यात शह, मार आणि धमकी या क्रमाने शोधलं की बहुतेक वेळा वाट सापडते. रचलेल्या ‘दोन चालींत मात’च्या कोड्यात पहिली चाल शहाची सहसा नसतेच. रचणाऱ्यांना ती ओबडधोबड वाटते. डावातली कोडी भराभर सोडवणारी मुलं रचलेल्या कोड्यापुढे गोंधळतात ती याच कारणाने, त्यांची बुद्धी कमी पडते म्हणून नाही.

डावातली कोडी: सुरुवात इथूनच करा

अगदी नव्याने शिकणाऱ्याने ‘एका चालीत मात’पासून सुरुवात करावी. दिवसाला दहा-पंधरा कोडी पुरेत. ती सोपी वाटली तरी सोडू नका. मात झालेला राजा कसा दिसतो, त्याची कुठली घरं कोणी अडवलेली असतात, याचं चित्र डोळ्यांत बसायला हीच कोडी लागतात.

मग एकेका युक्तीची कोडी घ्या. मराठी मुलंही या युक्त्यांना इंग्रजी नावांनीच ओळखतात, म्हणून तीच वापरतो. फोर्क म्हणजे एका मोहऱ्याने दोघांवर एकदम हल्ला. डी५ वरचा पांढरा घोडा सी७ वर जाऊन ई८ च्या राजाला शह देतो आणि ए८ चा हत्तीही धरतो, हा त्याचा सर्वांत ओळखीचा नमुना. पिन म्हणजे मोहरा हलला तर मागचा राजा किंवा वजीर उघडा पडेल अशी खीळ. स्क्यूअर त्याच्या उलट: पुढचा मोठा मोहरा बाजूला झाला की मागचा मिळतो. आणि एक युक्ती म्हणजे रखवालदाराला जागेवरून हलवणं. तिच्यासाठी ही स्थिती मांडा.

पांढरा: राजा जी१, वजीर डी४, हत्ती डी१, प्यादी एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, वजीर एच५, हत्ती ए८, प्यादी एफ७, जी७, एच७. चाल पांढऱ्याची.

काळा राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या भिंतीमागे अडकला आहे. आठव्या ओळीवर शह बसला तर त्याला पळायला जागा नाही. पहारा आहे तो ए८ च्या हत्तीचा. मग वजीर सरळ डी८ वर नेऊन बळी द्यायचा. काळ्याला हत्तीने तो घ्यावाच लागतो, आणि आपला हत्ती डी१ वरून डी८ वर येऊन मात करतो. पण इथे एक गोष्ट तपासायची राहून जाते: काळा वजीर मध्ये येऊन शह अडवू शकतो का? एच५ वरून ई८ कडे जाणारी तिरकी वाट एफ७ च्या प्याद्याने बंद आहे. आता तोच काळा वजीर एच५ ऐवजी बी५ वर ठेवून पाहा. तिथून तो वजिराच्या पहिल्याच शहाला ई८ वर येऊन मध्ये उभा राहतो आणि मात फसते. एका मोहऱ्याची जागा बदलली की सगळं उत्तर बदलतं. ‘ही तर ओळखीची युक्ती आहे’ म्हणून घाईने चाल करणाऱ्याला हीच जागा अडवते.

आणखी एक स्थिती दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही. पांढरा: राजा जी१, वजीर सी४, घोडा जी५, प्यादी एफ२, जी२, एच२. काळा: राजा एच८, हत्ती डी८, प्यादी जी७, एच७. चाल पांढऱ्याची. काळा हत्ती डी१ वर शह देत आला तर तुम्हाला वजीर एफ१ वर आणून त्या हत्तीच्या बदल्यात द्यावा लागेल, म्हणून उसंत नाही, प्रत्येक चाल शहाची हवी. घोडा एफ७ वर, शह. राजा जी८ वर. इथे घोड्याने डी८ चा हत्ती खाण्याचा मोह होतो. चाल वाईट नाही, त्यानेही डाव जिंकता येतो, पण याहून चांगलं काही आहे. घोडा एच६ वर न्या. घोड्याचा शह आणि मागून मोकळ्या झालेल्या तिरक्या वाटेवरून वजिराचाही शह, असा दुहेरी शह बसतो. दुहेरी शहाला राजा हलवण्यावाचून उपाय नसतो. राजा एफ८ वर गेला तर वजीर एफ७ वर येऊन मात करतो. म्हणून तो एच८ वर परत जातो. आता वजीर जी८ वर, राजाच्या शेजारी, बळी! एच६ चा घोडा वजिराला राखतो आहे, त्यामुळे राजा त्याला घेऊ शकत नाही, हत्तीलाच घ्यावा लागतो. आणि घोडा पुन्हा एफ७ वर. राजाच्या चारी बाजूंना त्याचेच मोहरे, श्वास घ्यायला एक घर उरलेलं नाही. एकट्या घोड्याची मात. ही मात पटावर पहिल्यांदा आपल्या हाताने घडवताना जो आनंद होतो तो कुणीही चुकवू नये.

उत्तर शोधायची शिस्त

इथवर आलात तर आता पद्धत अंगी बाणवा. कोडं उघडलं की आधी मोहरे मोजा: कोणाकडे काय जास्त आहे? मग दोन्ही राजांकडे पाहा, त्यांना पळायला किती घरं आहेत? मग राखण नसलेले मोहरे शोधा. त्यानंतर विचारा, काळ्याची चाल असती तर त्याने काय केलं असतं? हा प्रश्न बहुतेक नवशिके विसरतात आणि समोरच्याची धमकी न पाहता आपल्याच स्वप्नात चाल करतात.

आता शह, मार आणि धमकी या क्रमाने आपल्या चाली तपासा. प्रत्येक चालीनंतर समोरच्याचं सर्वांत चिवट उत्तर शोधा. आपल्या सोयीचं उत्तर त्याच्या तोंडी घालायचं नाही. कोडं सोडवणं म्हणजे निम्मा वेळ विरुद्ध बाजूच्या खुर्चीत बसणं.

पूर्ण ओळ डोक्यात दिसेपर्यंत मोहरा हलवायचा नाही. मोबाइलवर चाल करून बघायची सवय लागते, चूक झाली तर लाल खूण दिसते, मग दुसरी चाल. अशाने कोडी सुटतात, पण नजर तयार होत नाही. माझं आग्रहाचं सांगणं आहे की वहीत उत्तर पूर्ण लिहा, समोरच्याच्या चालींसकट, आणि मगच तपासा. चुकलेली कोडी त्याच वहीत वेगळ्या पानावर मांडून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा सोडवा. दिवसाला वीस मिनिटं पुरतात. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी जास्त देतात.

एकेका युक्तीची कोडी महिनाभर केल्यावर मिश्र कोड्यांकडे वळा. वर ‘फोर्क’ असं लिहिलेलं असताना फोर्क सापडतोच. खऱ्या डावात असं शीर्षक कुणी देत नाही.

अंतिम खेळाची रचना: थोडे मोहरे, खोल पाणी

रचलेल्या कोड्यांत मला सर्वांत जवळची वाटतात ती ‘पांढऱ्याची चाल, पांढरा जिंकतो’ किंवा ‘पांढरा बरोबरी साधतो’ असं म्हणणारी. इथे चालींची संख्या दिलेली नसते. इंग्रजीत यांना ‘स्टडी’ म्हणतात.

पांढरा राजा बी६, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए१, काळा हत्ती डी५. १८९५ मध्ये ग्लासगोच्या एका साप्ताहिकात जॉर्ज बार्बियर यांनी जवळजवळ अशीच स्थिती बरोबरीची म्हणून छापली. त्याच शहरात राहणाऱ्या फर्नांडो सावेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूंनी दाखवून दिलं की पांढरा जिंकतो. बुद्धिबळाच्या इतिहासात त्यांचं नाव उरलं ते या एका चालीमुळे.

प्यादं सी७ वर जातं. काळा हत्ती डी६ वरून शह देतो. राजा बी७ वर गेला तर हत्ती डी७ वर येऊन प्याद्याला खीळ घालतो. सी५ वर गेला तर हत्ती डी१ वर जाऊन मागून सी१ गाठतो. म्हणून राजा बी५. पुन्हा शह डी५ वरून, राजा बी४. शह डी४ वरून, राजा बी३. शह डी३ वरून, राजा सी२. आता शह संपले आणि वजीर होणार असं वाटतं. पण काळा हत्ती डी४ वर जातो. वजीर केला की हा हत्ती सी४ वर येऊन शह देतो, वजिराने त्याला खाल्लं की काळ्या राजाला चालच उरत नाही आणि स्टेलमेट होऊन बरोबरी होते. सावेद्रांनी सुचवलं: वजीर नको, हत्ती करा! हत्ती सी४ ला तसा अडकत नाही आणि लगेच ए८ वरून मातीची धमकी देतो. काळ्याला हत्ती ए४ वर आणून ती अडवावी लागते. मग पांढरा राजा बी३ वर येतो. एकाच चालीने काळ्या हत्तीवर हल्ला आणि सी१ वरून मातीची धमकी. दोन्ही वाचवता येत नाहीत.

हे नुसतं वाचू नका, मोहरे हलवून पाहा. सहाव्या चालीला वजिराऐवजी हत्ती मांडताना ही युक्ती जितकी कळते तितकी वाचून कळत नाही.

दुसरी स्थिती रिचर्ड रेटी यांची, १९२१ ची. पांढरा राजा एच८, प्यादं सी६. काळा राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याने बरोबरी साधायची आहे. काळ्याचं प्यादं पांढऱ्या राजाच्या आवाक्याबाहेर गेलेलं दिसतं आणि स्वतःचं प्यादं काळ्या राजाच्या तावडीत आहे. तरीही राजा जी७, मग एफ६ अशा तिरक्या वाटेने निघतो. प्रत्येक पावलाने तो दोन्ही प्याद्यांच्या जवळ येतो. काळ्याने राजा बी६ वर आणून पांढऱ्या प्याद्याकडे मोर्चा वळवला तर पांढरा राजा ई५ वर येतो. काळ्याने प्यादं खाल्लं तर राजा एफ४ वरून काळं प्यादं गाठतो. न खाता काळं प्यादं पुढे पळालं तर राजा डी६ वर येऊन आपल्या प्याद्याला वजीर करायला मदत करतो. पटावर तिरकं चालणं सरळ चालण्याइतकंच लांब असतं, ही साधी गोष्ट रेटींनी या चार मोहऱ्यांत गोठवून ठेवली आहे.

मदतीची मात, स्वतःवरची मात, मागे चालणारी कोडी

इथून पुढचे प्रकार नियम तेच ठेवून हेतू बदलतात.

मदतीच्या मातीत दोघेही मिळून काळ्या राजाला मात करायची वाट शोधतात आणि पहिली चाल काळ्याची असते. पांढरा राजा एफ७, पांढरा हत्ती ए१, काळा राजा एच६. एका चालीत मदतीची मात: काळ्या राजाला जी५ किंवा एच५ वर पळता येत असतानाही तो मुद्दाम एच७ वर जातो आणि हत्ती एच१ वर येऊन मात करतो. लहान मुलांना हा प्रकार खूप आवडतो. समोरचा शत्रू नसून जोडीदार झाला, ही कल्पनाच त्यांना नवी वाटते. भावंडांना एका पटावर बसवायला याहून चांगलं कोडं नाही.

स्वतःवरच्या मातीत पांढरा काळ्याला भाग पाडतो की तूच मला मात कर, आणि काळा ते टाळायची शिकस्त करतो. हे कठीण असतं. नव्या माणसाने थोडं थांबून याकडे वळावं.

मागे चालणाऱ्या कोड्यांत पुढे काय होणार हे विचारत नाहीत. आधी काय घडलं असेल, हे विचारतात. एक छोटं उदाहरण: पांढऱ्याची बी२ आणि डी२ वरची प्यादी अजून जागेवरून हललेली नाहीत, पण पांढऱ्याचा काळ्या घरांवरचा उंट जी५ वर उभा आहे. हा उंट कुठून आला? सी१ चा मूळ उंट त्या दोन प्याद्यांमागून बाहेर पडूच शकत नाही. तो तिथेच मारला गेला असणार आणि जी५ चा उंट एखाद्या प्याद्याने आठवी ओळ गाठून मिळवलेला असणार. हे तर्कशास्त्र आहे, मोहरे हलवून उत्तर मिळत नाही.

डावाशी संबंध नसलेली कोडीही पटावर आहेत. आठ वजीर असे मांडा की कोणीही कोणाला मारू नये: जर्मनीच्या माक्स बेझेल यांनी १८४८ मध्ये विचारलेल्या या प्रश्नाची ९२ उत्तरं आहेत. घोड्याने प्रत्येक घरावर एकेकदाच पाय ठेवत सगळा पट फिरायचा, हे कोडं तर फार जुनं आहे. नवव्या शतकातल्या रुद्रट या काश्मिरी आचार्यांनी आपल्या काव्यालंकारात अर्ध्या पटावरच्या घोड्याच्या फेरीवर श्लोक बेतला आहे.

आपल्याकडची मुळं

कोडी रचण्याची परंपरा आपल्याकडे परकी नाही. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं. त्यात पटावरच्या स्थिती आणि त्यांची उत्तरं आहेत. मराठीतला ‘प्यादेमात’ हा शब्दही इथलाच. लहानशा प्याद्याने केलेल्या मातीचं मोल जुन्या खेळात मोठं होतं. पुढे १८४५ मध्ये हेन्री लव्हडे या पाद्र्यांनी दिल्लीहून ‘शागिर्द’ या टोपणनावाने इंग्लंडच्या बुद्धिबळ मासिकाकडे चार चालींतल्या मातीचं कोडं पाठवलं. आपल्याच मोहऱ्याची वाट आधी अडवून मग ती मोकळी करायची, अशी त्यातली कल्पना इतकी गाजली की आजही जगभर ती ‘इंडियन’ कल्पना म्हणून ओळखली जाते.

चव लागली की स्पर्धाही आहेत. कोडी सोडवण्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७ पासून होते. दोन चालींची मात, तीन चालींची मात, अंतिम खेळ, मदतीची मात, लांब (तीनाहून जास्त चालींची) मात आणि स्वतःवरची मात अशा सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन कोडी. दोन चालींच्या तीन कोड्यांना वीस मिनिटं मिळतात, अंतिम खेळाच्या तीनला शंभर. इंग्लंडचे जॉन नन खेळातही ग्रँडमास्टर आहेत आणि कोडी सोडवण्यातही, आणि ही स्पर्धा त्यांनी एकाहून अधिक वेळा जिंकली आहे. याच सोडवण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा दर वर्षी जानेवारीच्या सुमारास अनेक देशांत एकाच दिवशी होते, आणि तिच्यात नवख्यांसाठी सोप्या कोड्यांचा वेगळा गट असतो.

पट अजून मांडलेलाच असेल तर उचलण्याआधी हे एक करा. पहिल्या कोड्यातलं सी२ वरचं प्यादं उचलून सी३ वर ठेवा. पांढरा राजा एफ६, हत्ती सी१, काळा राजा एच८, सगळं तसंच. आता दोन चालींत मात होते का, याचं उत्तर वहीत लिहा, काळ्याच्या प्रत्येक उत्तरासकट.